इसुकासमोरची जागा

चिझुरुचं आयुष्य माशांना डोळे लावण्यात गेलं. तोयामात लग्नाच्या पाहुण्यांना निघताना कामाबोको देतात. माशाच्या मांसाचा लगदा वाफवून केलेला हा पदार्थ बाकी जपानात वडीसारखा सरळसोट असतो. इथे मात्र त्याचा अख्खा मासा करतात, गुलाबी खवले, वर वळलेली शेपटी, सगळं. खवले कापडी पिशवीतून लगदा पिळून हातानेच पाडावे लागतात आणि सगळ्यात शेवटी डोळा. तो जरा सरकला की मासा शुभ दिसायच्या ऐवजी बावळट दिसतो. चिझुरुचा डोळा कधी सरकला नाही. पण हल्ली लग्नं करतंय कोण, आणि केली तरी हातभर मासा घरी नेतंय कोण? कारखान्यात पूर्वी त्या कामाला बायकांची अख्खी ओळ बसायची. आता ती आणि तोयोको-सान, दोघीच उरल्या होत्या.

"अख्ख्या जिल्ह्याच्या लग्नांचे मासे केलेस," तोयोको-सान म्हणायच्या, "आपला एक कधी करणार? माझे हात चालताहेत तोवर सांग बाई."

"माझा नवरा बेस वाजवतो. त्याला सवड नाही."

"नवऱ्याला माहीत आहे का?"

"नाही. म्हणून तर संसार सुखाचा चाललाय."

दोघी हसायच्या. तोयोको-सानना ती थट्टा वाटायची. चिझुरुलाही निम्मी थट्टाच वाटायची.

बेस, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवणारा तो इसुका. हे त्याचं मंचावरचं नाव. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि असली नावं विचारायची नसतात. दोरोनावा नावाच्या चौघांच्या रॉक बँडमध्ये तो होता. चोर पकडल्यावर त्याला बांधायला दोरी वळत बसणं, याला इथे दोरोनावा म्हणतात. आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणतात, तसलाच कारभार. पोरांनी विशीत गमतीने ठेवलेलं नाव चाळिशी उलटली तरी अंगाला चिकटून राहिलं. पांढरे रंगवलेले चेहरे, डोळ्यांभोवती काळं, खांद्याखाली केस. तरुणपणी रंगाने रूप यायचं, आता रंगाने सुरकुत्या झाकायच्या. महिन्यातून एकदा ते सोगावा पेठेतल्या एका तळघराच्या हॉलमध्ये वाजवायचे. एकेकाळी जिन्यावरून रस्त्यापर्यंत रांग लागायची. आता दोन-तीन बँड एकत्र आले तरच हॉल जरा भरल्यासारखा दिसे. दारातला माणूस तिकीट घेताना प्रत्येकाला विचारायचा, "आज कुणासाठी आलात?" आणि सांगितलेल्या बँडच्या नावापुढे एक रेघ ओढायचा. रेघा कमी पडल्या की पुढच्या महिन्याची तारीख मिळायला जड जाई. चिझुरु दरवेळी "दोरोनावा" म्हणायची, जरा मोठ्याने, म्हणजे रेघ ठळक पडेल अशी तिची आपली समजूत.

अशा हॉलात खुर्च्या नसतात. ज्याचं मन ज्या वादकावर, त्याने त्याच्यासमोर उभं राहायचं. मधे गायक, म्हणून मधे गर्दी. उजवीकडे गिटार, तिथेही चार डोकी. डावीकडे बेस, आणि बेसवाल्याच्या नशिबी कायम उरलंसुरलं. इसुकासमोर, मंचापुढच्या कठड्याला पोट टेकून, अठरा वर्षं उभी होती ती चिझुरु. आधी तिच्या आजूबाजूला आणखी बायका असायच्या. एकीचं लग्न झालं, एकीला मूल झालं, एक नागोयाला गेली, एकीने कारण न सांगताच यायचं बंद केलं. चिझुरु राहिली.

त्यांच्यात बोलणं किती झालं? कार्यक्रमानंतर पैसे देऊन आवडत्या वादकासोबत लगेच छापून येणारा एक फोटो काढता येतो. तो हातात येऊन वाळेपर्यंत दोन वाक्यं होतात. "आज छान झालं." "आभारी आहे, जपून जा." अठरा वर्षांत त्याला तिचं नाव कळलं होतं आणि ती लग्नाचे मासे करते हे कळलं होतं. याउपर काही नाही. पण एक गोष्ट फोटोच्या रांगेबाहेरची होती. मंचावरच्या माणसाला आपला आवाज खाली कसा पोहोचतोय ते कळत नाही. पहिल्या गाण्यात बेस दबलेला असला की चिझुरु उजवा तळवा छातीवर ठेवायची, जीव घाबरल्यावर बाई ठेवते तसा. इसुका मान न वळवता आवाज वाढवायचा. पुरेसा झाला की ती हात खाली घ्यायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. एकदा तिने खरंच दचकून हात ठेवला, त्याचा त्याने अर्थ लावला आणि तेव्हापासून ते सुरू राहिलं. दोघांनी यावर कधी एक शब्द काढला नाही. माझं विचाराल तर बऱ्याच नवराबायकोंत एवढंही नसतं.

मग गेल्या वर्षी, बर्फ वितळायच्या सुमारास, काझुयोने तिला जिन्याखाली गाठलं.

काझुयो ही गायकाची चाहती, पण पुढच्या ओळीची सगळी व्यवस्था तिच्या हातात. कोण कुठे उभं राहणार, नव्याला कुणी काय शिकवायचं, कुणी मोबाइल काढला तर कुणी डोळे वटारायचे, हे सगळं काझुयो बघायची. तिला हे काम कुणी दिलेलं नव्हतं, आणि कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं. जिभेची तिखट, पण बँडसाठी जीव टाकणारी.

"एक ऐकलंय," ती म्हणाली. "गिटारवाल्याच्या तोंडून निघालं. इसुका सोडायचं म्हणतोय."

चिझुरुच्या हातातली छत्री ठिबकत होती.

"म्हणतो, माझ्यासमोर कुणी नवीन येतच नाही. माझी बाजू ओस पडली. त्याला वाटतं आपण बँडवर ओझं आहोत. आणि तो गेला की बँड गेलाच म्हणून समज. या वयात नवा बेसवाला कुठला मिळायला?"

"मग काय करायचं?"

काझुयोने जरा घसा खाकरला. "रागावू नकोस. मी तुला बहिणीसारखी सांगते. नवी पोरगी आली, तिला इसुका आवडला, तर ती उभी कुठे राहणार? पुढे तू. तुझ्या शेजारी उभं राहायला पोरींना संकोच वाटतो. जुनी माणसं पुढे ठाण मांडून बसली की नवी येत नाहीत, हे जगभर असंच असतं."

"मी कुणाला कधी हटकलं नाही."

"हटकत नाहीस गं. पण तू दिसतेस ना. माझ्यामागे तरी तरुण पोरी आहेत. तुझ्यामागे कोण आहे? भिंत."

हे लागलं. पण खोटं नव्हतं.

"मागे खांबापाशी उभी राहत जा," काझुयो म्हणाली, "आणि फोटोच्या रांगेतही काही दिवस येऊ नकोस. नव्या पोरींना त्याच्याशी बोलायला जरा जास्त वेळ मिळू दे. त्याच्यासाठीच म्हणते आहे मी."

त्याच्यासाठी म्हटल्यावर चिझुरुने मान डोलावली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ना, त्याचं उदाहरण शोधायला या गावात फार लांब जावं लागत नाही. इथे माणूस दुसऱ्याला वाट देता देता स्वतः रस्त्याबाहेर जातो आणि वर "अडचण झाली, माफ करा" म्हणतो.

पुढच्या महिन्यात ती खांबापाशी उभी राहिली. हॉलच्या मागच्या भागात दिवे नव्हते. खांब जाड, चिझुरु बुटकी, समोर उंच लोकांच्या पाठी. पण तिथून मान तिरकी केली की इसुकाचा डावा खांदा आणि बेसची मान दिसायची. ती प्रत्येक गाण्याला हात वर करायची, पुढच्या ओळीत करायची तसाच. आपला हात त्याला दिसतो याबद्दल तिला शंका नव्हती. तिला तो दिसत होता, मग त्याला ती का दिसू नये? मंचावरून दिव्यांच्या झगमगाटात पहिल्या ओळीपलीकडे नुसता काळोख दिसतो, हे कळायला माणसाने एकदा तरी मंचावर उभं राहायला हवं. चिझुरु कधी राहिली नव्हती.

आणि काझुयोचं म्हणणं खरं ठरलं, हेच तर वाईट झालं. वसंतात ताकाओकाहून दोन कॉलेजच्या मुली आल्या, इसुकासमोरची रिकामी जागा पाहिली आणि तिथे उभ्या राहिल्या. एकीचं नाव होनोका. तिने तर इसुकाच्या केसांसारखी एक बट जांभळी करून घेतली. चिझुरु खांबाआडून त्यांच्या उड्या बघायची. छातीत दुखायचं, पण त्या दुखण्यात समाधानही होतं. पोरीला खोकल्याचं औषध कडू लागलं तरी आई पाजते, तशी ती स्वतःला रोज समजूत पाजत होती.

बेस दबलेला असला तर मात्र ते त्याला सांगणारं कुणी नव्हतं. पोरी नाचत होत्या, त्यांना काय कळणार? चिझुरु खांबापाशी तळवा छातीवर ठेवायची आणि वाट बघायची. आवाज वाढायचा नाही. तिला वाटायचं, आज त्याचं लक्ष नाही.

उन्हाळा संपेपर्यंत मुली येईनाशा झाल्या. होनोकाला कानाझावातल्या विशीतल्या पोरांचा बँड आवडायला लागला होता. त्यात तिचं काय चुकलं? चुकलं एवढंच की जाताना तिने मागे रिकामी जागा ठेवली. इसुकासमोरचा कठडा आता अगदीच उघडा पडला.

चिझुरुने मग धीर करून काझुयोला विचारलं, "मी येऊ का पुढे?"

"आता?" काझुयो म्हणाली. "एकदा मागे गेलेलं माणूस पुन्हा पुढे आलं की काय दिसतं? पोरींना हुसकावून जागा परत घेतली असं दिसतं. थोडं थांब. जागा मोकळी दिसली की कुणीतरी येईल. गेल्या वेळी नाही का आल्या?"

काझुयो लबाड नव्हती, हे सांगायला हवं. तिचा विश्वास होता. आणि चिझुरुला दुसऱ्याच्या विश्वासापुढे आपलं म्हणणं रेटायची सवय नव्हती. शरद गेला, बर्फ पडायला लागलं. जागा मोकळीच राहिली. मधे गर्दी, उजवीकडे चार डोकी आणि डावीकडे बाई उभी राहील एवढा रिकामा तुकडा. सगळ्यांनी तो इतक्या सभ्यपणे मोकळा ठेवला होता की चुकूनही कुणाचा पाय तिथे पडायचा नाही. चिझुरु दर महिन्याला दारात "दोरोनावा" म्हणायची, रेघ पडायची आणि ती खांबाकडे जायची. एकही कार्यक्रम तिने चुकवला नाही. तापात आली, कारखान्यातून माशाचा वास अंगावर घेऊन आली, ट्राम बंद पडली तेव्हा बर्फातून चालत आली.

नव्या वर्षाच्या पहिल्या कार्यक्रमात गायकाने सांगितलं. इसुका सोडतोय. त्याच्याशिवाय बाकीच्यांनाही पुढे जायचं नाही. मार्चमधल्या एका रविवारी दुपारी शेवटचा कार्यक्रम, मग दोरोनावा संपलं. पुढच्या ओळीत कुणीतरी रडायला लागलं. इसुका खाली मान घालून तारा पुसत होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चिझुरुने एका माशाला डोळा लावला आणि तो सरकला. तोयोको-साननी बघितलं, तो मासा उचलून बाजूला ठेवला आणि थोड्या वेळाने विचारलं, "नवरा गेला का गं?"

"जाणार आहे."

"दुसरी कुणी?"

"नाही. कुणीच नाही म्हणून."

तोयोको-सान हसणार होत्या, पण हसल्या नाहीत.

शेवटच्या रविवारी हॉल गच्च भरला. वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसं आली, लेकरांना आजीकडे ठेवून आली. माणूस गेल्यावरच नातेवाईक जमतात, त्यातलीच ही गर्दी. दारातला माणूस आज काहीच विचारत नव्हता. चिझुरु तरी सवयीने "दोरोनावा" म्हणाली. तो म्हणाला, "आज सगळे त्यांचेच आहेत बाई." रेघ ओढायचं कारण उरलं नव्हतं. ती खांबापाशी गेली. एवढ्या गर्दीतही इसुकासमोरचा तो तुकडा मोकळा होता. काझुयो त्याच्या कडेला पहारा दिल्यासारखी उभी होती. जुनी माणसं ती जागा चिझुरुची म्हणून ओळखत होती, आणि नव्यांना ती कुणाचीतरी आहे एवढं कळत होतं.

शेवटच्या गाण्याआधी गायकाने माइक इसुकापुढे धरला. इसुका मंचावर कधी बोलत नसे. त्याने बेसवर दोन्ही हात ठेवले.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "तरी एक सांगतो. माझ्यासमोर इथे एक बाई उभ्या असायच्या. बरीच वर्षं. मला दिव्यांमुळे पुढची एक ओळच दिसते, आणि माझ्या बाजूला ती ओळ म्हणजे त्या एकट्याच. माझा बेस ऐकू येत नसला तर त्या मला सांगायच्या. कसं, ते नाही सांगत."

कुणीतरी हसलं. तोही हसला.

"गेल्या वर्षी मी सोडायच्या विचारात होतो. तेव्हाच ठरवलं, त्या येताहेत तोवर वाजवायचं. एका माणसाला ऐकू येतंय एवढं पुरे. मग एक दिवस त्या आल्या नाहीत. पुढच्या महिन्यातही नाही. दोन मुली आल्या, गेल्या, मी वाट बघत राहिलो. वर्षभर बघितली. मग म्हटलं, त्यांनाही आता ऐकू येत नसेल, तर पुरे झालं. तक्रार नाही. त्या जिथे असतील तिथे बऱ्या असोत."

चिझुरुने खांबाला धरलं. तोंडून एक शब्द निघाला असता तर पोहोचला असता. हॉल इतका शांत होता. पण चारचौघांत ओरडायचं तिने आयुष्यात केलं नव्हतं. गणपती करायला गेलं आणि माकड झालं, असं आपण हसत म्हणतो. हे माकड बघून हसणारं तिथे कुणी नव्हतं. काझुयो वळली. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. ती गर्दीतून वाट काढत खांबापाशी आली आणि चिझुरुची बाही धरली.

"जा पुढे."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"जा म्हणते ना. मी हात जोडते तुला. जा."

माणसं बाजूला झाली. गाणं सुरू झालं होतं तेव्हा चिझुरु कठड्याला पोट टेकून उभी राहिली. बेस दबलेला होता. वर्षभर तो दबलेलाच राहिला होता. तिने तळवा छातीवर ठेवला. इसुकाने बघितलं. त्याचा हात एक ठोका चुकला, मग आवाजाच्या बटणाकडे गेला आणि बेस वर आला, पायाखालच्या फरशीतून अंगात चढला. तिने हात खाली घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. गाणं संपलं, दिवे लागले आणि दोरोनावा उरलं नाही.

फोटोची रांग लांब होती. चिझुरु सगळ्यात मागे उभी राहिली. काय सांगायचं ते तिने ठरवलं होतं: मी गेले नव्हते, मी मागे होते, खांबापाशी, एकही महिना चुकला नाही. दारातल्या माणसाला विचारा. साधी तीन-चार वाक्यं. रांग पुढे सरकत होती तशी ती मनात म्हणून बघत होती. पुढच्या बाईशी इसुका बोलत होता ते तिला ऐकू आलं. वाद्यांचा सौदा झाला, घर सोडलं, एक तारखेपासून तोयोहाशीला मेहुण्याच्या कारखान्यात लागतोय. गायकाने दुसरं काम धरलंय. सगळं झालंय, छान झालंय.

मग तिची पाळी आली. रंगाखाली त्याचा चेहरा घामाने ओघळला होता.

"चिझुरु-सान," तो म्हणाला. "आलात. शेवटच्या दिवशी तरी आलात. बरं वाटलं."

"हो."

"मला वाटलं आजारी पडलात. मग म्हटलं, कंटाळल्या असतील. कंटाळल्या असाल तरी चालेल हं, अठरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. पण तेवढं कळलं तर बरं, म्हणून विचारतो. काय झालं होतं?"

तीन-चार वाक्यं चिझुरुच्या जिभेवर तयार होती. ती बोलली असती तर या माणसाने तोयोहाशीच्या कारखान्यात उरलेलं आयुष्य काय विचार करत काढलं असतं, हे तिला एका क्षणात दिसलं. वाद्यं परत येणार नव्हती. बँड परत येणार नव्हता. एका खांबाच्या जाडीसाठी सगळं गेलं, हे फक्त त्याला कळलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचाच होता, तर तो एकाने खाल्लेला बरा.

"काम वाढलं होतं," चिझुरु म्हणाली. "यायला जमलंच नाही. माफ करा."

इसुकाचे खांदे सैल झाले. "लग्नाचे मासे ना? म्हणजे लग्नं होताहेत की अजून."

"हो. खूप होताहेत."

"हे ऐकून बरं वाटलं बघा." त्याने फोटो हलवून वाळवला आणि तिच्या हातात दिला. "मग मी ठरवलं ते चुकलं नाही. उगीच मनाला खात होतं."

"नाही चुकलं," ती म्हणाली. "बरोबरच ठरवलंत."

तिच्यामागे रांगेत कुणी नव्हतं. तरी मदतनीस वेळ संपल्याचं म्हणाला, आणि चिझुरुने वाकून नमस्कार करून जागा मोकळी करून दिली.